पाचवीची रात्र आणि काचेची पेटी

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की घरी निरोप जातो, 'बाळाला काचेत ठेवलं आहे.' 'इन्क्युबेटर', 'वॉर्मर', 'एनआयसीयू' हे शब्द जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत आता परके राहिलेले नाहीत. तरी निरोपात काचच असते. मला हा शब्दप्रयोग कोणत्याही पारिभाषिक संज्ञेपेक्षा नेमका वाटतो. दिसते आहे, पण हाताला लागत नाही, हे सारे त्यात आले.

जन्माभोवतीचे आपले विधी पूर्ण दिवसांचे मूल गृहीत धरून रचलेले आहेत. पाचव्या रात्री (काही घरांत सहाव्या) सटवाई येऊन कपाळी लेख लिहिणार, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. बाराव्या दिवशी बारसे. सव्वा महिन्याने बाळंतीण उठणार. बाराशे ग्रॅमचे बाळ रुग्णालयाच्या नवजात कक्षात असेल, तर पाचवी पुजायची कुठे? पाळणा हलवायचा कुणासाठी? डोहाळे, ओव्या, पाळणागीते यांवर मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले. या रिकाम्या पाळण्याकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

परंपरेचे एक वाक्य मात्र अशा बाळांविषयी ठासून बोलते. सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही! ही केवळ आजीबाईंची समजूत नव्हे. आठव्या महिन्यात ओज माता आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातला प्रसव घातक, असे चरकसंहिता मानते. ग्रीकांच्या हिप्पोक्रॅटिक ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयी असाच निराशेचा सूर आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सदतीस आठवड्यांआधी जन्मलेले ते अकाली. आणि गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांना बळ देतो, जगण्याची शक्यता वाढवतो. आठव्यातल्या बाळाला बहुधा ऊब, आईचे दूध आणि जंतुसंसर्गापासून बचाव एवढेच हवे असते. म्हणून ही म्हण निरुपद्रवी नाही. ती ऐकून घरची माणसे मनातून आधीच हात सोडतात.

आता रुग्णालयाच्या भाषेकडे वळू. बारसे झालेले नसल्याने बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर आणि केसपेपरवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या याद्याही आयांच्याच नावांनी छापाव्या लागल्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. नवजात कक्षात तो रिवाज आधीपासून होता. आणि तरीही अनेक नवजात कक्षांत ज्या बाईच्या नावाने बाळ ओळखले जाते, तीच दाराबाहेर. ठरल्या वेळी दूध काढून द्यायचे, काचेतून पाहायचे, पुन्हा व्हरांड्यात येऊन बसायचे. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना ओल्या बाळंतिणीने व्हरांड्यात बसणे म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला वेगळे सांगायला हवे.

जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. पण आईला दूर ठेवणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे, हेही आता सिद्ध झाले आहे. १९७८ साली बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटरच्या तुटवड्यावर उपाय म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधले; तीच 'कांगारू' पद्धत. पुढे भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत मिळून एक चाचणी झाली. एक किलो ते सुमारे अठराशे ग्रॅम वजनाची बाळे जन्मताच, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवली, तेव्हा मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसच केली. त्या चाचणीत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते; म्हणजे हे परदेशी चोचले नव्हेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने तर खेड्यातल्या स्त्रियांनाच नवजात बाळांची काळजी शिकवून घरच्या घरी बालमृत्यू कमी करता येतात, हे १९९९ मध्येच जगापुढे मांडले होते.

नवजात कक्षातल्या परिचारिका कापडाची गुंडाळी करून बाळाभोवती गोल कडे रचतात, गर्भाशयातल्यासारखा आधार मिळावा म्हणून. त्याला त्या 'नेस्टिंग' म्हणतात. असोद्याच्या बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता वर्गात शिकवणाऱ्या आपल्याला हा शब्द ऐकून काही आठवायला हवे. (जाता जाता: खोपा विणतो तो सुगरण पक्ष्यांतला नर, असे पक्षितज्ज्ञ सांगतात. कवितेचे त्याने काही बिघडत नाही. पण कांगारू पद्धतीत बाप, आजी, मावशी यांचीही छाती चालते, हे घरोघरी कळायला हरकत नाही.)

असो. मागणी साधी आहे. नवजात कक्षात प्रत्येक पेटीशेजारी आईसाठी एक खाट किंवा निदान टेकून बसता येईल अशी खुर्ची असावी, आणि तिला रात्रीही तिथे राहता यावे. पाचवीच्या रात्री तर नक्कीच.