डुकराचं मटण उजळ माथ्यानं शिजू द्या

पुण्या-मुंबईच्या कॅफेत बसून ‘पुल्ड पोर्क टाको’ मागवायला आता कुणाला संकोच वाटत नाही. हीच पोरं सुट्टीला सोलापुरात आली, की वडार वस्तीवरून जाताना त्याच मांसाच्या वासानं नाकाला रुमाल लावतात. मांस तेच, मिरची त्याच कुळातली, तासन्‌तास मंद आचेवर ठेवायची रीतही तीच. फरक असलाच तर तो शिजवणाऱ्याच्या जातीचा आहे. मी वडाराच्या घरातली. सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी स्लो कुकरमध्ये मेक्सिकन पद्धतीचं डुकराचं मटण करते. खिडक्या उघड्या ठेवून करते. या शहरात प्रत्येकाला ते तसंच करता आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आमची माणसं दगडफोडी. आजी-आजोबांचं उभं आयुष्य खाणीवर गेलं. आजी पहाटे चूल पेटवायची, भाकरी भाजून घ्यायची आणि मग त्याच विस्तवावर जर्मनचं पातेलं ठेवायची. पातेल्यात डुकराच्या खांद्याचं हाडासकट मटण, ठेचलेला लसूण, मीठ, हळद आणि काळं तिखट. पाणी अजिबात नाही. झाकणावर दगड ठेवायचा, निखाऱ्यावर राख ओढायची आणि हातोडा-छिन्नी घेऊन निघायचं. दुपारी सगळे जेवायला येत तेव्हा मटण हाडापासून सुटलेलं असे. तुकडा तोडायला दात लागत नसत. वस्तीत डुक्कर कापलं की आधी आगीवर धरून त्याचे केस जाळत, कातडी घासून पांढरी करत. कातडीसकट चरबीचा थर मांसावर राहू देत, आणि त्या चरबीतच सगळं शिजे. तेल विकत घ्यायला पैसे कुठं होते?

आज ज्याला स्लो कुकर म्हणतात, त्या यंत्राची जन्मकथाही अशाच एका पातेल्याची आहे. अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांना त्यांच्या आईनं लिथुआनियातल्या गावची आठवण सांगितली होती. ज्यू घरांत शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य आणि मांसाचं भांडं गावच्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. विझत चाललेल्या भट्टीच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. नॅक्सन यांनी ती ऊब विजेवर आणली. 1940 साली त्यांना पेटंट मिळालं. पुढं 1970मध्ये रायव्हल या कंपनीनं त्यांचा धंदा विकत घेतला आणि दुसऱ्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ नावानं ते भांडं बाजारात आणलं. नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. सकाळी भरून जायचं, संध्याकाळी येऊन वाढायचं. सोलापूरच्या गिरण्यांत आणि विडीच्या कामावर राबलेल्या बायकांना याचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

मेक्सिकोची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. तिकडं युकातान भागातले माया लोक जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळलेलं मांस पुरून शिजवत. तेव्हा ते हरणाचं असे, टर्कीचं असे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले आणि त्यांच्याबरोबर डुक्कर आलं. मग त्याच खड्ड्यात डुक्कर शिजू लागलं. त्याला तिकडं ‘कोचिनिता पिबिल’ म्हणतात आणि सणासमारंभाला मानानं वाढतात. मिचोआकान प्रांतात दुसरी तऱ्हा, ‘कार्निटास’. तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराच्याच चरबीत मांस संथपणे शिजवायचं. त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिरचीला आपण इतकं आपलं केलं, की तिच्याशिवाय सोलापूरचं ताट लागत नाही. सोलापूरची शेंगाची चटणी ज्यावर नाव कमावून बसली, तो भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्यामुळं ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं कुणी मला म्हणालं, की मी त्यांच्या ताटातली चटणी दाखवते.

आता प्रत्यक्ष कृती. यात झाकून ठेवण्यासारखं काही नाही.

मांस खांद्याचंच हवं, शक्यतो हाडासकट. मांडीचं कोरडं पडतं. खांदा हा जनावराचा राबणारा भाग, त्यामुळं त्यात चिवट पांढरे पडदे भरपूर असतात. त्या पडद्यांतलं कोलॅजेन भरभर उकळून विरघळत नाही. मंद उष्णतेत तासन्‌तास राहिलं, की त्याचं जिलेटिन होतं आणि मांसाच्या दोऱ्या आपोआप सुट्या होतात. शाळेत प्रथिनांचा धडा शिकवताना मी हेच उदाहरण देते. प्रेशर कुकरमध्ये हे तासाभरात होतं, मान्य. पण त्यासाठी पाणी घालावं लागतं, आणि चव त्या पाण्यात उतरते.

वाटणासाठी ब्याडगी मिरच्या तव्यावर जरा फुगेपर्यंत भाजायच्या, बिया झटकायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या. रंग भरपूर, तिखट बेताचं. युकातानच्या मसाल्याचा प्राण म्हणजे शेंदरी. काही जण तिला लटकन म्हणतात, शास्त्रीय नाव बिक्सा ओरेलाना. काटेरी बोंडातल्या त्या लाल बिया लोण्या-चीजला रंग देण्यासाठी जगभर वापरतात. झाड अमेरिकेतलं असलं तरी आपल्याकडं बागांतून चांगलं वाढतं. बिया मात्र फार टणक. रात्रभर गरम पाण्यात भिजवूनही मिक्सरचं पातं त्यांच्यापुढं नमतं, म्हणून मी पाट्यावर वाटते. शेंदरी नाही मिळाली तर नुसत्या ब्याडगीवर भागतं. तिकडं कडवट-आंबट संत्र्याचा रस घालतात. आपण साध्या संत्र्याच्या रसात लिंबू पिळायचं. लसूण, मिरे, जिरं, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, मीठ आणि चिमूटभर ओवा. त्यांच्या ओरेगॅनोच्या वासाच्या जवळ जाणारा आपला ओवाच. हे सगळं मांसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं.

सकाळी केळीचं पान गॅसच्या ज्योतीवर फिरवून मऊ करायचं आणि कुकरच्या तळाशी पसरायचं. त्यावर कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर मांस, चरबीची बाजू वर. पान दुमडून झाकण लावायचं. पाण्याचा थेंब नको. मांस फ्रिझरमधलं असेल तर आधी पूर्ण सुटू द्यायचं. गोठलेला गोळा तसाच टाकला तर तो धोक्याच्या उष्णतेत फार वेळ पडून राहतो. पहिला तास मोठ्या आचेवर, नंतर आठ तास कमी आचेवर. मधे झाकण उघडायचं नाही. माझा कुकर कमी आचेवर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे दिवसभरात पावणेदोन-दोन युनिट. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, गॅससमोर तीन तास उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

संध्याकाळी दोन काट्यांनी मांस ओढलं, की त्याच्या लांब दोऱ्या निघतात. तळाशी लाल रस साठलेला असतो. त्यावरची चरबी काढून तव्यावर टाकायची, त्यात मूठमूठ मांस कडेनं कुरकुरीत होईपर्यंत परतायचं आणि वरून रस शिंपडायचा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याची पोळी करतात. आपल्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी आहे, तिची पातळ, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी घ्यावी. लिंबात मुरवलेला लाल कांदा वर पसरावा. या बेतापुढं कॅफेतला टाको मला फिका वाटतो.

आता लोकांच्या मनातल्या भीतीविषयी. ‘डुकराचं खाल्लं की मेंदूत किडे होतात’ हे मी वर्गातही ऐकते आणि शिक्षकांच्या खोलीतही. यातलं खरं काय ते नीट समजून घ्यायला हवं. कच्चं राहिलेलं, फोड असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो. त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा उघड्यावर पडली, की डुक्कर ती खातं आणि त्याच्या मांसात फोड धरतात. पण तीच अंडी गढूळ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होतात आणि फिट्स येतात. म्हणजे मेंदूतल्या गाठी अंड्यांमुळं होतात, आणि अंडी येतात ती माणसाच्या विष्ठेतून. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. त्यावरचा उपाय संडास, स्वच्छ पाणी आणि बंदिस्त गोठ्यात पाळलेलं डुक्कर. मांसाच्या बाबतीत बोलायचं, तर नव्वद अंशांच्या पुढं जाऊन दोऱ्या सुटलेल्या मांसात कुठलाही कृमी जिवंत राहत नाही.

अडचण खरी आहे ती मांस मिळण्याची. चिकन-मटणाचं दुकान सोलापूरच्या गल्लीगल्लीत आहे. डुकराचं मांस मात्र ओळखीवर मिळतं, रविवारी सकाळी, काळ्या पिशवीतून. जनावर कुठं पाळलं, काय खाऊन वाढलं, कापण्याआधी पशुवैद्यकानं पाहिलं का, हे विचारायची सोय नसते. मी शहराबाहेरच्या एका पाळणाऱ्याकडून आणते. त्याचे गोठे सिमेंटचे आहेत, खाद्य मक्याचं आणि भुशाचं. हॉटेलातलं उरलेलं अन्नही तो देतो, पण खळखळून उकळून. 2020मध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात शिरला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो, आणि न उकळलेलं खरकटं हा त्याचा एक रस्ता आहे. हे त्या पाळणाऱ्याला पाठ आहे. अशा माणसाला शहरात उजेडात दुकान टाकायची हिंमत होत नाही, ही गोष्ट मला लागते.

पाळण्याचं गणित वाईट नाही. मादी 114 दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं देते. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या आणि दहा नरांच्या प्रकल्पाला निम्मं अनुदान आहे, कमाल 30 लाख रुपये. पण उरलेला निम्मा पैसा आणि जमीन आणायची कुठून? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ही जनावरं सांभाळली, त्या वडार-कैकाडी पोरांच्या नावावर सातबारा नसतो. योजना जमीनवाल्यांकडं जाते आणि ज्ञान वस्तीत पडून राहतं. 2019च्या पशुगणनेत देशातली डुकरं 2012च्या तुलनेत 12 टक्क्यांनी घटून सुमारे 90 लाखांवर आली. वस्तीतल्या डुकरांची दखल मात्र शहर घेतं ती ‘मोकाट डुकरांचा उपद्रव’ म्हणून.

गोव्यात सोरपोतेलशिवाय ख्रिस्ती लग्न होत नाही. वसईच्या ईस्ट इंडियन घरांत डुकराचं मांस सणाचं आहे. शेजारच्या कर्नाटकात कोडगूची पंदी करी खायला लोक मुद्दाम गाडी काढून जातात. आपल्या भागात मात्र हे खाणाऱ्यांनी ते लपवायचं. धाराशिव जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं अन्न कागदावर आणलं. आमच्या खाणीवरच्या पातेल्याचीही अशी नोंद व्हायला हवी, आणि ती आमच्याच पोरींनी करावी.

कुणी खावं असा माझा आग्रह नाही. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. माळकऱ्याचा नेम मला मोलाचा वाटतो. माझ्या मुसलमान मैत्रिणी माझ्याकडं जेवायला येतात तेव्हा त्यांच्यासाठी भांडीही वेगळी काढते. नेमानं न खाणारा माणूस कुणाला हिणवत नाही. खाणाऱ्याला हलकं समजणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझं भांडण तिच्याशी आहे. सोलापुरात भाड्याचं घर शोधताना ‘तुम्ही ते खाता का?’ असा प्रश्न मला विचारला गेलाय. मी हो म्हणाले आणि घर मिळालं नाही. विचारणाऱ्याला माझ्या ताटाविषयी उत्सुकता नव्हती, त्याला माझी जात काढून घ्यायची होती.

सोलापूर महापालिकेनं डुकराच्या मांसासाठी पशुवैद्यकीय तपासणीसह स्वच्छ कत्तलखान्याची सोय करावी आणि परवानाधारक, काचेआडची दुकानं चालू द्यावीत. त्या परवान्यांत पिढीजात पाळणाऱ्यांना पहिला मान असावा. आणि ज्यांची घरं भाड्यानं द्यायची आहेत, त्यांना माझी विनंती आहे: भाडं ठरवा, अनामत घ्या, करार करा, पण आमच्या पातेल्यात काय शिजतं ते विचारू नका.