मचाकोस : वाळवंट ठरवलेल्या टेकड्यांचा इतिहास

१९३७ साली केनियातील मचाकोस जिल्ह्याच्या टेकड्यांची काही छायाचित्रे घेतली गेली. घळींनी चिरलेले उतार, गवताचा मागमूस नसलेली उघडी माती, मध्येच एखादे खुरटे झाड. त्याच वर्षी वसाहती सरकारचा मृदासंधारण अधिकारी कॉलिन माहेर याने या प्रदेशावर अहवाल लिहिला. तेथील अकाम्बा लोक स्वतःच्या हातांनी आपल्या भूमीचे वाळवंट करीत आहेत, असा त्याचा सूर होता. सरकारी निदान ठरून गेले : माणसे फार, गुरे त्याहून फार.

जमिनीची धूप खरी होती; छायाचित्रे खोटे बोलत नव्हती. पण ती चौकटीबाहेरचेही दाखवत नव्हती. अकाम्बांना ‘राखीव क्षेत्रा’च्या सीमांत कोंडण्यात आले होते. शेजारची चांगली जमीन गोऱ्या वसाहतकारांकडे गेली होती, उरलेली बरीचशी सरकारजमा झाली होती. दुष्काळात गुरे घेऊन दूरच्या कुरणांत जायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट त्यामुळे अडली. ज्याने वाट अडवली, त्यानेच मग गर्दीबद्दल दोष द्यावा, हा न्याय वसाहती राज्यांत नवा नाही.

१९३८ मध्ये सरकारने सक्तीने गुरे कमी करण्याचा हुकूम काढला. जनावरे जप्त होऊन लिलावात मातीमोल भावाने विकली जाऊ लागली. तेव्हा मुइन्दी म्बिंगू याच्या नेतृत्वाखाली हजारो अकाम्बा स्त्री-पुरुष मुलाबाळांसह नैरोबीला चालत गेले आणि गव्हर्नरची भेट मागत कित्येक आठवडे तेथेच ठाण मांडून बसले. म्बिंगूला अटक करून हद्दपार करण्यात आले. पण सक्ती सरकारला मागे घ्यावी लागली. नैरोबीच्या मध्यवस्तीतील एका रस्त्याला आज त्याचे नाव आहे.

यानंतर अर्धशतक उलटले. जिल्ह्याची लोकसंख्या १९३०च्या दशकाच्या आरंभी सुमारे २ लाख ४० हजार होती, ती १९९०च्या सुमारास १४ लाखांजवळ पोहोचली. माहेरचे गणित खरे मानले, तर येथे केवळ खडक उरायला हवा होता. भूगोलतज्ज्ञ मायकेल मॉर्टिमोर, मेरी टिफेन आणि नैरोबी विद्यापीठातील फ्रान्सिस गिचुकी यांनी जुनी कागदपत्रे, हवाई छायाचित्रे आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या आठवणी एकत्र ठेवून तपासल्या. १९३७च्या छायाचित्रांतील ठिकाणे शोधून तेथून पुन्हा छायाचित्रे घेण्यात आली. त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूप घटली होती, झाडे वाढली होती, आणि दर माणशी शेती-उत्पन्नाचे मूल्य सुमारे तिप्पट झाले होते.

हे घडले कसे? उत्तर कुदळीत आहे. स्वाहिलीत ‘फान्या जू’ म्हणजे ‘वर टाका’. उताराला आडवा चर खणायचा आणि निघालेली माती चराच्या वरच्या अंगाला टाकून बांध घालायचा. पावसागणिक वरून वाहून येणारा गाळ बांधाशी अडतो आणि काही वर्षांत उताराची पायरी होते. सरकारने १९४० आणि ५०च्या दशकांत सक्तीच्या श्रमाने बांध घालून घेतले होते, त्यांपैकी पुष्कळ लोकांनी स्वातंत्र्याच्या सुमारास दुर्लक्षून मोडू दिले. पुढे त्याच लोकांनी ‘म्वेथ्या’ या परस्परसाहाय्याच्या गटांतून, आपल्या मर्जीने, टेकड्याच्या टेकड्या बांधून काढल्या. पुष्कळ पुरुष शहरांत नोकरीला असल्याने या गटांत कुदळ बहुतेक स्त्रियांच्याच हाती असे.

फरक हुकुमाचा आणि हक्काचा होता. १९५०च्या दशकात आफ्रिकी शेतकऱ्यांना कॉफी लावण्याची मुभा मिळाली. नैरोबीची बाजारपेठ जवळ होती. शहरातली मजुरी गावी येऊन बांधात आणि बैलांत गुंतू लागली. आपल्या नावावर राहील अशा जमिनीसाठी माणूस घाम गाळतो. साहेबाच्या नोंदवहीसाठी गाळत नाही.

लोकसंख्या वाढली की जमीन हरते, ही कल्पना माल्थसपासून चालत आलेली. (तो हेलीबरीला कंपनी सरकारच्या भावी अधिकाऱ्यांना शिकवीत असे. १८३०च्या सुमारास इंदापुरात जमाबंदी बसवून रयतेला बेजार करणारा प्रिंगल हा त्याचाच विद्यार्थी.) मचाकोसने तिला जबर धक्का दिला. पण मग दुसरे टोक गाठले गेले : ‘माणसे वाढू द्या, जमीन आपोआप सुधारेल.’ ही घोषणाही तितकीच आळशी आहे. मचाकोसमधल्याच एका भागाचा अभ्यास करून जॉन मर्टन याने १९९९ मध्ये दाखवले, की सुधारणेचा लाभ सर्वांना सारखा झालेला नाही. ज्यांच्या घरी शहराचा पगार येत होता, त्यांनी जमीन विकत घेतली आणि सुधारली. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांचे तुकडे लहान होत गेले आणि पोटासाठी ते दुसऱ्याच्या शेतावर राबू लागले. जोड छायाचित्रांत हिरवी पायरी दिसते, सातबाऱ्यासारखा कागद दिसत नाही.

१९३७चे छायाचित्र पाहून अकाम्बांना अडाणी ठरवणे आणि नंतरचे छायाचित्र पाहून सगळे सुखी मानणे, या दोन्हींत चूक एकच : मातीकडे पाहिले, मालकीकडे पाहिले नाही. दोन छायाचित्रांच्या मधल्या वर्षांत एक मोर्चा, एक हद्दपारी, कॉफीची एक परवानगी आणि असंख्य पावसाळ्यांची खणाई आहे. त्यांपैकी काहीच कॅमेऱ्यात आलेले नाही.