दोन राज्यांचे पोलीस एक होतात, पण कोणासाठी?

६ डिसेंबर २०२२. आपण चैत्यभूमीच्या रांगेत होतो. रांगेतच पोरांच्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागले. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर कर्नाटक रक्षण वेदिकेचे लोक महाराष्ट्र पासिंगचे ट्रक अडवून दगड मारत होते. त्याला उत्तर आपल्या पुण्यात मिळालं, स्वारगेटला कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासून. महाराष्ट्राचे दोन मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, त्याच दिवशी बेळगावला जाणार होते. आधी ३ तारीख ठरली होती, ती महापरिनिर्वाण दिनाचं निमित्त सांगून ६ केली आणि मग दौराच बारगळला. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाचा असाही उपयोग करतात!

पण आज मला बोलायचंय ते दगडांनंतर काय झालं याबद्दल. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीसांनी बसवराज बोम्मईंना फोन लावला. आठ दिवसांत, १४ डिसेंबरला, दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून एक समिती, आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी ज्येष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली दुसरी. प्रवासी, व्यापारी, दुसऱ्या भाषेचे रहिवासी यांना त्रास होऊ नये, हा तिचा हेतू सांगितला गेला. नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांवर गुन्हे नोंदवायचंही ठरलं. पुढे १९ डिसेंबरला बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली आणि इकडून निघालेल्या नेत्यांना कोगनोळी नाक्यावर अडवलं. २२ तारखेला कर्नाटकच्या विधिमंडळाने एक ठराव केला, २७ तारखेला आपल्या विधिमंडळाने ८६५ गावांवर हक्क सांगणारा दुसरा. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा होता तिथेच राहिला.

आता कोणी म्हणेल, शांतता राखली, त्यात वाईट काय? काहीच नाही. त्या ट्रकच्या केबिनमध्ये कोण बसलेलं असतं हे मला माहीत आहे. सोलापूर रोडवरच्या आमच्या वस्त्यांत घराआड एक ड्रायव्हर किंवा क्लीनर आहे. दगड त्याच्या काचेवर पडतो, मंत्र्याच्या नाही. २०२५ च्या फेब्रुवारीतही तेच. बेळगावजवळ कर्नाटकच्या कंडक्टरला मारहाण, चित्रदुर्गला आपल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळं. दोघंही पगारी माणसं. त्यांचं संरक्षण व्हायलाच हवं.

माझा प्रश्न एवढाच आहे, की ही यंत्रणा एका फोनवर जागी होऊ शकते, तर आमच्यासाठी का होत नाही?

हडपसरच्या मजूर अड्ड्यावर रोज सकाळी कलबुर्गी, यादगीर, बिदरकडची माणसं उभी असतात. त्यात बहुतेक आपलीच, दलित. २०२२ च्याच उन्हाळ्यात त्यातली एक बाई माझ्याकडे आली. मुकादमाने तीन आठवड्यांची मजुरी बुडवली होती, मागायला गेली तर जातीवरून शिव्या दिल्या आणि मारलं. मी तिला घेऊन पोलिसांत गेले. पहिलं वाक्य, ‘दाखला कर्नाटकचा आहे ना? मग इथे ॲट्रॉसिटी कशी लागेल?’ चार हेलपाट्यांनंतर गुन्हा नोंदवून घेतला, तोवर मुकादम गावी पळालेला. गाव कलबुर्गी जिल्ह्यात. हडपसरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो आपण. ॲट्रॉसिटीच्या नियमाप्रमाणे तपास ६० दिवसांत संपायला हवा. मला दर वेळी एकच उत्तर मिळायचं, ‘ताई, तिकडच्या पोलिसांना पत्र पाठवलंय.’ ते पत्र चालत गेलं की काय कोण जाणे. तिकडे गावात मात्र तिच्या सासऱ्याला दम द्यायला मुकादमाची माणसं दुसऱ्याच दिवशी पोचली होती.

पुढे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केलं, की अनुसूचित जातीचा माणूस देशात कुठेही असो, त्याची जात तिथल्या यादीत असो वा नसो, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण त्याला आहे. कार्यकर्त्यांनी हा निकाल खिशात ठेवावा. पण निकालाने ‘इथे लागत नाही’ हे उत्तर बंद होतं, ‘पत्र पाठवलंय’ हे नाही.

हे एका गरीब बाईचं झालं म्हणून सोडून द्यायचं म्हटलं, तर नामवंतांचंही काय झालं ते पाहा. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्याही अस्पृश्यता निवारणासाठी आयुष्य घालवलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव असलेल्या पुलावर. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे. त्याच ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी सर. सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. दोन खून सीमेच्या इकडे, दोन तिकडे. मारेकऱ्यांना सीमावाद आडवा आला नाही. गौरींच्या खुनानंतर कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने साखळी उलगडली, तेव्हा २०१८ मध्ये इकडे नालासोपाऱ्यात धरपकड झाली. तिथे सापडलेल्या शरद कळसकरला सचिन अंदुरेसह १० मे २०२४ ला दाभोलकर खटल्यात जन्मठेप झाली. म्हणजे दोन राज्यांचे पोलीस एकत्र आले की काय होतं ते दिसलं. पण त्याला पाच वर्षं आणि आणखी तीन माणसं लागली.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बजावलं होतं, की अशा राज्यात संख्येने मोठी जातच सत्ता धरून बसेल आणि गावातल्या लहान जाती तिच्या दयेवर राहतील. सीमाप्रश्नाच्या सभेत हे कोणी बोलत नाही. बेळगाव महाराष्ट्रात आलं काय, कर्नाटकात राहिलं काय, दोन्ही बाजूंचा मुकादम तोच आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या शाळेचा, कागदपत्रांचा हक्क मी नाकारत नाही, तो खराच आहे. पण त्या नावाने बस फोडायला आपल्या वस्तीतली पोरं का पुढे? गुन्हे कोणाच्या अंगावर राहतात आणि पासपोर्टच्या, नोकरीच्या पडताळणीत कोण अडकतं, हे मी वस्तीत बघते.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज लिहायला घेतलाय. १४ डिसेंबर २०२२ ला ठरलेल्या त्या आयपीएस समितीच्या बैठका किती झाल्या? त्यात राज्याबाहेर पळालेल्या ॲट्रॉसिटीच्या आरोपींचा विषय एकदा तरी आला का? पुणे जिल्ह्यातून कर्नाटकात पळालेले असे आरोपी किती, आणि पत्राऐवजी पथक किती प्रकरणांत पाठवलं? हेच प्रश्न जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकीत लेखी द्यायचेत. कलबुर्गीच्या साथींशी बोलणं झालंय, ते तिकडे कन्नडमध्ये देतील.

तुमच्याकडे असं एखादं प्रकरण असेल तर एफआयआरची प्रत घेऊन येत्या रविवारी सकाळी ११ वाजता हडपसर गाडीतळावर या. तिथून आमच्या विहारात बसून अर्ज पुरे करू. ती बाईही येणार आहे. मुकादम अजून सापडलेला नाही.

जय भीम.