समुद्रकिनाऱ्याला फाटक नको!

दरवर्षी २० मार्च जवळ आला की आकुर्डी, निगडी, चिंचवडच्या वस्त्यांतून महाडला गाड्या निघतात. वर्गणी काढून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, चपात्या-भाजी बांधून घ्यायची, चवदार तळ्यावर अभिवादन करायचे आणि वेळ उरला तर पोरांना समुद्र दाखवायला श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला न्यायचे. कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या कितीतरी कुटुंबांची वर्षाची सहल ती एवढीच. किनाऱ्यावर येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यावे की नाही, हा प्रश्न सर्वात आधी या गाडीतल्या माणसांचा आहे.

गोव्यातील कळंगुटच्या ग्रामपंचायतीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवले की, हॉटेलचे बुकिंग नसलेल्या पर्यटकांकडून गावात शिरतानाच कर घ्यावा. कारण काय दिले? हे लोक बसमधून येतात, रस्त्याकडेला स्वयंपाक करतात आणि घाण करून जातात! २०२५ मध्ये महाराष्ट्रातील श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि पर्नाका या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन टिकवायचे तर स्वच्छतागृहे, जीवरक्षक, रोजची सफाई यांचा खर्च दरवर्षी येणार. माथेरान, महाबळेश्वरला प्रवासी कर घेतातच, मग आमच्या किनाऱ्यानेच काय घोडे मारले, असे उद्या कोकणातही विचारले जाईल.

गावकऱ्यांची तक्रार खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दारूच्या बाटल्या फोडणारे, वाळूत गाड्या घालणारे पर्यटक सर्वांनी पाहिले आहेत. ते फक्त बसमधून येत नाहीत, महागड्या मोटारींतूनही येतात. लहान ग्रामपंचायतीच्या तिजोरीवर हजारोंच्या कचऱ्याचा बोजा पडतो. आणि तो कचरा शेवटी कोण उचलतो? बहुधा आपल्याच समाजातला, हातमोजे नसलेला, कंत्राटी सफाई कामगार! तेव्हा खर्चाचा प्रश्न झटकून टाकता येणार नाही.

पण खर्च भागवणे वेगळे आणि फाटक लावणे वेगळे. समजा, माणशी ५० रुपये शुल्क लागले. हॉटेलात एका रात्रीला पाच हजार मोजणाऱ्याला ते जाणवणारही नाहीत. पाच माणसांच्या कामगार कुटुंबाला मात्र २५० रुपये होतात. गाडीच्या वर्गणीवर हे २५० चढले की घरातली म्हातारी आणि धाकटी पोरगी मागे राहते. कचरा करणारा श्रीमंत आत आणि न करणारा गरीब बाहेर, असा हा न्याय आहे.

समुद्रकिनारा कोणाच्या मालकीचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा तळ शासनाचा आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सांगितले की, शासन अशा संपत्तीचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताने मालकालाच दारात अडवायचे नसते.

आपल्या चळवळीला हा विचार नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ च्या बोले ठरावाचा पायाच हा होता की, सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली असली पाहिजेत. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला तोच हक्क प्रत्यक्ष बजावला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आला. अमेरिकेतही बिलॉक्सी येथे डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी १९५९ पासून समुद्रात उतरून सत्याग्रह केला, १९६० मध्ये मार खाल्ला. सार्वजनिक पैशातून झालेला किनारा आमचाही आहे, हेच त्यांचे म्हणणे होते. १९६८ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले.

प्रवेश शुल्क म्हणजे अस्पृश्यता, असे आम्ही म्हणणार नाही. ती अतिशयोक्ती होईल. परंतु 'हे लोक घाण करतात' ही भाषा आपल्या कानांना ओळखीची आहे. महाडचे तळेही पंचगव्य ओतून 'शुद्ध' करण्यात आले होते! जातीने लावलेले फाटक कायद्याने निघाले. ते पैशाने पुन्हा लागू नये, एवढीच सावधगिरी हवी.

मग मार्ग कोणता? वाळूवर पाऊल ठेवण्याचे पैसे नकोत. वाहनतळ, कपडे बदलण्याची खोली अशा सेवांचे माफक शुल्क घ्यावे आणि ते सर्वांना सारखे असावे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ॲव्हन या किनाऱ्यावरील गावाला हेच बजावले होते की, बाहेरच्यांकडून जास्त घेता येणार नाही. किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या हॉटेल-रिसॉर्टकडून सफाईचा वाटा वसूल करावा. घाण करणाऱ्याला, मग तो कोणत्याही गाडीतून येवो, जागेवर दंड करावा. जमलेल्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत मांडावा आणि त्यातून सफाई कामगारांना कायम नोकरी व सुरक्षा साधने द्यावीत. जाळी वाळवणाऱ्या कोळी बांधवांकडे तर कोणी पावती मागूच नये.

आपलीही जबाबदारी आहे. महाडहून किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत कचऱ्याची पिशवी असली पाहिजे. हक्क सांगणाऱ्याने शिस्तही दाखवली, तर फाटक लावणाऱ्यांच्या हाती कारण उरणार नाही.