भुतालाही जात असते

भद्र पुणेकरहो, तुमच्या शहरात आता संध्याकाळची भुतं दाखवायची सहल निघते. पैसे भरायचे, घोळक्यानं बोळबोळ हिंडायचे आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर येऊन माना वर करायच्या. ३० ऑगस्ट १७७३ ला आत गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापला. अठरा वर्षांचं पोर. ‘काका मला वाचवा’ अजून ऐकू येतं म्हणे. वाईट झालं. माझं भांडण त्या पोराशी नाही.

भांडण वेळेशी आहे. पेशवाईत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत महारामांगाला पुण्याच्या वेशीत पाय टाकायची बंदी होती. घुर्यांनी लिहून ठेवलंय, मी नाही. का? तर त्या वेळी सावली लांब पडते आणि लांबूनच बाटवते. गळ्यातलं मडकं, कमरेचा झाडू तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच जगापुढं मांडला. म्हणजे तुमची सहल निघते त्या वक्ताला माझा खापरपणजा वेशीबाहेर हाकललेला. जित्या माणसाची सावली चालत नव्हती, आणि मेलेल्या पेशव्याची सावली बघायला तिकीट!

मीही गेलो होतो एकदा, सूतगिरणीतली रातपाळी बुडवून. सहलवाल्याला विचारलं, मांगाचं भूत कुठं दाखवता? घोळका हसला. तो म्हणाला, तशी काही कथा नाही.

कशी नाही? १८५५ साली जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं ‘ज्ञानोदया’त लिहिलं, छापलं गेलं. आम्हाला तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरायचे. तालीमखान्यापुढून कुणी गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मुंडक्याचा चेंडू. तिनं नवसाची कहाणी नाही सांगितली, हिशेब मांडला. पण तुमचा मुंजा बामणाचा, समंध बामणाचा, पिंपळसुद्धा त्यांनाच राखीव. आमचं मेलेलं साधं भूतही होऊ नये?

गुलटेकडीला आता मार्केट यार्ड आहे. कांद्याची पोती, हमालांची पाठ. सहल तिकडं वळत नाही.

आम्ही काढतो आमची. तिकीट नाही, बॅटरी नको, भर उन्हात. दुपारी बरोबर तीनला निघू, सावल्या लांबायला लागल्या की. गुलटेकडीवरनं चालत शनिवारवाड्यापर्यंत, अन् सावली पडेल तिथं पडेल. ज्याला बाटायचं त्यानं यावं.