तदमुरच्या व्यापाऱ्यांनी कर दगडावर लिहून घेतला

कर जास्त आहे, ही व्यापाऱ्याची खरी तक्रार नसते. आज एक मागतील आणि उद्या दुसरे, ही धास्ती त्याला खाते. सीरियाच्या वाळवंटातील तदमुर शहराने या दुखण्यावर इ.स. 137 मध्येच इलाज केला होता. आपल्या व्यापारी संघटनांनी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

तदमुर म्हणजेच पाल्मिरा. दमास्कसच्या ईशान्येस सुमारे 215 किलोमीटरवर, चोहीकडे ओसाड वाळवंट आणि मध्ये एक झरा व खजुराच्या बागा. फुरात नदी आणि भूमध्य समुद्राची बंदरे यांच्या मधोमध हे ठिकाण. हिंदुस्थानचा माल इराणच्या आखातात उतरे आणि उंटांवर लादून येथे येई. खुद्द तदमुरचे व्यापारी सिंधूच्या मुखापर्यंत जहाजाने जात, इ.स. 157 च्या शिलालेखात तसा उल्लेख आहे. कारवाँ सुखरूप आणणाऱ्याचा हे शहर पुतळा उभारी. पुतळा राजाचा किंवा सेनापतीचाच असतो असे आपण समजतो. तेथे तो व्यापाऱ्याचाही असे!

एक किलोमीटरहून लांब खांबांचा रस्ता, इ.स. 32 मध्ये अर्पण झालेले बेल देवतेचे मंदिर, आणि बुरुजासारख्या उंच कबरी. या कबरींत चिनी रेशमाचे तुकडे सापडले. कोरड्या हवेने ते टिकले. आमच्या गोदामात एका पावसाळ्यात थानाला बुरशी येते, तिथे हे अठराशे वर्षे!

आता मुद्द्याची गोष्ट. तदमुरमध्ये कर वसूल करण्याचा ठेका दिलेला असे. बऱ्याच वस्तूंचा दर कायद्यात नव्हता, रिवाजाने घेतला जाई. साहजिकच ठेकेदार आणि व्यापारी यांचे तंटे होत. तेव्हा नगरसभेने ठराव केला की प्रत्येक वस्तूचा रूढ दर लिहून काढावा आणि शिळेवर कोरून मंदिरासमोर लावावा. मजकूर ग्रीक आणि स्थानिक, अशा दोन भाषांत. गुलामामागे 22 दिनार. सुगंधी तेल संगमरवरी कुप्यांत असेल तर उंटामागे 25, बकऱ्याच्या कातड्यात असेल तर 13. जांभळ्या रंगाच्या लोकरीचा दर वेगळा. झऱ्याच्या पाण्याचे वर्षाला 800. परदेशी मालावर रोमचा चौथा हिस्सा निराळा होता. तो काही कमी नव्हे. तरी व्यापार वाढला, कारण आकडा आधी ठाऊक असे.

आपल्याकडे जकात नाके होते तेव्हा एकाच गठ्ठ्याला मी एका नाक्यावर दोन महिन्यांत तीन दर दिले आहेत. तक्ता मागितला तर "साहेबांना विचारा". मुंबईत जकात 2017 मध्ये गेली. पण वर्गवारीचे वाद नव्या करातही आहेत, आणि त्यांचा निकाल खुलासापत्रांतून शोधावा लागतो. संघटनांनी सवलती मागण्याआधी सोप्या मराठीतला एकच जाहीर तक्ता मागावा, असे माझे मत आहे.

राणी झैनबियाने रोमशी वैर घेतले आणि इ.स. 273 मध्ये रोमन फौजेने शहर लुटले. पुन्हा ती बरकत आली नाही. 2015 मध्ये दाइशने बेलचे मंदिर आणि कबरींचे बुरूज सुरुंगाने उडवले, आणि उभी हयात या अवशेषांना देणारे वृद्ध संशोधक खालिद अल-असद यांची हत्या केली.

दरांची शिळा मात्र वाचली. ती 1881 मध्ये सापडली आणि पुढे रशियात नेली गेली. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तदमुरच्या दुकानदाराला आपल्याच बाजाराचे दर वाचायचे असतील तर तितक्या दूर जावे लागेल.