मदतीचे आवाहन आणि गरजूचा चेहरा

रविवारची मिस्सा आटोपून आपण घरी पोहोचतो न पोहोचतो, तोच मोबाईलवर तीन-चार आवाहने येऊन थांबलेली असतात. एखाद्या आश्रमाला धान्य हवे असते, कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्कम कमी पडत असते. सोबत एक छायाचित्र, एक क्यूआर कोड आणि पुढे पाठविण्याची विनंती असते. नवी मुंबईतील बहुसंख्य कुटुंबे बाहेरगावांहून येऊन येथे स्थिरावली आहेत. अशा शहरात सामाजिक माध्यमे हीच सेवाकार्याची चावडी झाली, तर त्यात नवल नाही. मात्र या चावडीवर आपण कसे वागतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या साधनांचे सामर्थ्य केवळ पैसा गोळा करण्यात नाही. पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला न्यू पनवेलचा 'सील' आश्रम रस्त्यावरील निराधारांना आसरा देतो व त्यांना कुटुंबाकडे पोहोचविण्यासाठी झटतो. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांची 'श्रद्धा' ही संस्था कर्जत येथे रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोहोचविते. या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा कार्यात पैशाइतकाच मोलाचा असतो तो गावाचा पत्ता. सावरू लागलेल्या रुग्णाने अर्धवट आठवणारे नाव उच्चारले, तर आज ऑनलाइन नकाशावर ते गाव व जवळचे पोलीस ठाणे काही मिनिटांत सापडू शकते. केंद्र शासनानेही हरवलेल्या बालकांच्या शोधासाठी २०१५ मध्ये 'खोया-पाया' हे संकेतस्थळ सुरू केले होते.

परंतु याच साधनाची दुसरी बाजूही आहे. जटा वाढलेल्या, अर्धवस्त्र माणसाचे छायाचित्र पाहून देणगीदाराचे मन लवकर द्रवते. पुढे तो माणूस बरा होऊन गावी परततो. छायाचित्र मात्र कधीच परत येत नाही. उद्या त्याच्या मुलीच्या लग्नात तेच चित्र कोणाच्या तरी हातात असेल. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास मनाई केली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. कायदा नसता, तरी गरजूचा चेहरा ही त्याचीच मालमत्ता आहे, हे आपण मानायला हवे होते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. क्यूआर कोड संस्थेच्या नावे आहे की एखाद्या व्यक्तीच्या, हे पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसते, ते वाचावे. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. करसवलतपात्र संस्थांना २०२१-२२ पासून देणग्यांचे विवरण प्राप्तिकर विभागाला सादर करावे लागते आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रामाणिक संस्थेला अशा विचारणेचा राग येत नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त परदेशी आहेत; आवाहन त्यांच्यापर्यंत क्षणात पोहोचते. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या आप्ताने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. मात्र परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या आप्ताची देणगी विदेशी ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी वा पूर्वपरवानगी हवी. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. सद्हेतूने पाठविलेला पैसाही एखाद्या लहान संस्थेला अडचणीत आणू शकतो.

मग आपण काय करावे? आवाहन पुढे पाठविण्यापूर्वी संस्थेला एक दूरध्वनी करावा. गरज अद्याप आहे का, ते विचारावे. पूर्ण झालेले आवाहन महिनोन्‌महिने फिरत राहिले, की खऱ्या आवाहनाकडेही लोक दुर्लक्ष करू लागतात. आपल्या युवकांना हिशेब, संकेतस्थळ, छायाचित्रण यांचे ज्ञान आहे. वर्षातून काही तास त्यांनी एखाद्या संस्थेला दिले, तर ती देणगी रोख रकमेहून टिकाऊ ठरेल. चेहरा न दाखवता काम दाखवता येते: शिजलेले अन्न, दुरुस्त झालेले छप्पर, वर्षाचा ताळेबंद.

फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिस येथे सुरू केलेल्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य आजही गरजूंच्या घरी जाऊन भेटतात. मोबाईलने ती भेट अनावश्यक ठरविलेली नाही. कोणाच्या दारी जायचे, एवढेच तो सांगतो. दार आपणच ठोठावावयाचे आहे.